जिण्याला दुसऱ्या भाषेत काय म्हणतात?

फलटणमध्ये बेबी कांबळे यांचं एक छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि गिऱ्हाईक नसलं की लिहीत बसत. लिहिलेलं कितीतरी वर्षं त्यांनी घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणकर ज्यांना मॅक्सीन मावशी म्हणतात त्या मॅक्सीन बर्नसन यांच्या पाहण्यात ते आलं, त्यांनी छापायचा आग्रह धरला, आणि मग ते ‘स्त्री’ मासिकातून वाचकांपुढे आलं. १९८६ साली पुस्तक झालं : ‘जिणं आमुचं’.

या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद गी पॉइतवाँ यांनी केला. तो १९९१चा. माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद आला २००८ साली. म्हणजे फलटणच्या महारवाड्यातलं बोलणं इंग्रजीच्या सतरा वर्षं आधी पॅरिसमध्ये वाचलं गेलं. भारतीय पुस्तक जगात जातं ते इंग्रजीच्याच दारातून, असं आपण गृहीत धरतो. हे एक उदाहरण ते गृहीतक मोडायला पुरेसं आहे.

आता तिन्ही मुखपृष्ठं शेजारी ठेवून फक्त नावं वाचा. फ्रेंच नावाचा अर्थ ‘एका अस्पृश्य स्त्रीचं बोलणं’ असा होतो. इंग्रजी नाव आहे ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’, आम्ही फोडलेले तुरुंग. मराठी नावात अस्पृश्य नाही, स्त्री नाही, तुरुंगही नाही. तिथं आहे ‘जिणं’. मराठीत जीवन वेगळं आणि जिणं वेगळं. जीवनावर भाषण करता येतं. जिणं कंठावं लागतं. ‘काय मेलं हे जिणं’ असं म्हणताना आपण जीवन हा शब्द कधी घालत नाही. आणि पुढचं ‘आमुचं’ पाहा. आत्मचरित्र एकीचं, पण नावात ‘मी’ला जागा नाही. फ्रेंच नाव एका बाईकडे बोट दाखवतं, इंग्रजी नावात बहुवचन टिकतं पण त्याला विजयाचा सूर लागतो, आणि मराठी नाव उंबऱ्यावर बसून सगळ्या वस्तीच्या वतीनं बोलतं.

यातलं कुठलं नाव चुकलं, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. १९९१च्या फ्रेंच वाचकाला आणि २००८च्या इंग्रजी वर्गातल्या विद्यार्थ्याला हे पुस्तक कशासाठी हवं होतं, कोणत्या विषयाच्या फळीवर ते ठेवलं गेलं, आणि त्यापायी ‘जिणं’ हा शब्द कुठं मागे राहिला, हे प्रश्न मात्र संशोधनाचे आहेत. भाषांतराच्या अभ्यासात पीएच.डी. करायची म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी या तीन मुखपृष्ठांपासून सुरुवात करतो.

०

हे सांगायचं कारण, मी स्वतः या वाटेनं गेलो आहे. सांगलीतल्या एका कॉलेजात शिकवत, सुट्ट्यांमध्ये वाचत, रात्री टाईप करत प्रबंध लिहिला. सिनॉप्सिसच्या बैठकीत मला एका सदस्यानं विचारलं होतं, ‘‘भाषांतर हे काम आहे, त्यात संशोधन काय?’’ त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही.

नियमांचं एकदा सांगून टाकतो, कारण दर जूनमध्ये कुणीतरी विद्यार्थी तेवढंच विचारायला येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, त्यापुढे मुदतवाढ. स्त्री संशोधकांना आणि अपंग संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत. प्रवेशानंतर कोर्सवर्क, दर सहामाहीला समितीपुढे प्रगती, शेवटी व्हायवा. मंजूर प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुला. शिष्यवृत्तीसाठी नेट-जेआरएफ आहे, शिवाय राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आहेत. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे; साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही उभं राहिलं आहे. एवढी माहिती पाच मिनिटांत मिळते. विषय कसा निवडायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

शोधगंगेवर भाषांतराचे प्रबंध उघडून बसलं की एक साचा पुन्हा पुन्हा भेटतो. पहिलं प्रकरण सिद्धान्ताचं : जेम्स होम्स यांचा १९७२चा कोपनहेगनमधला निबंध, सुसान बॅसनेट यांचं १९८०चं पुस्तक, लॉरेन्स व्हेनुटी यांची परकं राखणं आणि आपलंसं करणं ही जोडी. दुसरं मूळ लेखकाचं. मग दोन-तीन प्रकरणं तुलनेची : नात्यांचे शब्द, खाण्याचे पदार्थ, म्हणी, शिव्या. या शब्दाचं हे केलं, ही छटा हरवली, इथं ओळ गाळली. शेवटी निष्कर्ष : अनुवाद एकंदर चांगला आहे, पण मूळची मातीची गोडी आली नाही.

माझाही प्रबंध बराचसा असाच आहे, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे. ही वही तपासणी झाली. मास्तर लाल शाई घेऊन बसले आणि अनुवादकाला शंभरपैकी बासष्ट देऊन उठले. यात अनुवादक माणूस म्हणून कुठं दिसत नाही. त्यानं हे पुस्तक का उचललं, प्रकाशक कोण होता, किती महिने लागले, कुणाला विचारून शब्द पक्के केले, हे काहीच कळत नाही. होम्स अमेरिकेतून ॲमस्टरडॅमला जाऊन राहिलेले आणि डच कविता इंग्रजीत आणणारे स्वतः कष्टाळू अनुवादक. त्यांनी आखलेल्या नकाशात अनुवाद कोणत्या समाजात काय काम करतो याच्या अभ्यासाला मोठी जागा आहे. त्यांचं नाव घेऊन आपण नेमकी तीच जागा मोकळी सोडतो.

०

फलटणलाच परत जाऊ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला भाषाशास्त्राचा प्रबंध सादर केला. विषय : फलटणची बोली. कोणत्या जातीची, किती शिकलेली माणसं एकच गोष्ट कशी वेगवेगळी बोलतात, याचा तो अभ्यास. त्यासाठी त्या गावात राहिल्या, ऐकत राहिल्या, पुढे भारतीय नागरिक झाल्या, शाळा काढली. त्यांनी आणि जाई निंबकर यांनी मिळून परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठी शिकायची पुस्तकं तयार केली, व्याकरण लिहिलं. एका दुकानदार बाईच्या वह्या त्यांच्या पाहण्यात आल्या तो योगायोग नव्हता. ज्या बाईनं वर्षानुवर्षं फलटणच्या वस्त्यांमधलं बोलणं ऐकलं, तिलाच त्या वह्यांमधल्या भाषेची किंमत कळणार. प्रबंध आधी, आणि त्यातून तयार झालेला कान नंतर कामाला आला.

त्याच फलटण तालुक्यातून लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं, १९८० साली. पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. इंग्रजीत ए. के. कामत यांनी ते नेलं आणि नाव ठेवलं ‘उपरा : ॲन आउटसायडर’. मूळ शब्द ठेवला आणि त्याला अर्थ जोडला. हिंदीत दामोदर खडसे यांनी ‘पराया’ केलं. पराया म्हणजे दुसऱ्याचा; मुलीला पराया धन म्हणतात तेव्हा ती कुणाची तरी असतेच. उपरा कुणाचाच नसतो. तो वरून येऊन पडलेला, पाल ठोकून दोन दिवस राहिला की हाकलला जाणारा. हिंदीसारख्या सख्ख्या बहिणीकडे जातानाही शब्दाचा पाया असा सरकतो.

पण ‘उपरा’चा खरा पेच याहून खोल आहे. माने कैकाडी समाजातले. कैकाडी ही बोली मराठीची नव्हे, ती द्राविडी कुळातली, तमिळशी नातं सांगणारी. म्हणजे बांबूच्या आणि फोकांच्या टोपल्या विणत सातारा जिल्ह्यात फिरणाऱ्या माणसांच्या तोंडी दक्षिणेची भाषा होती, आणि त्यांच्यातला एक मुलगा शाळेत जाऊन मराठीत लिहिता झाला. तेव्हा ‘मूळ’ पुस्तक हेच एक भाषांतर आहे. पालातलं जगणं कैकाडीतून मराठीत आलं, मग तिथून इंग्रजी-हिंदीत. इंग्रजी अनुवादाची तुलना मराठीशी करून थांबणारा संशोधक साखळीची पहिली कडीच सोडून देतो. ही कडी धरायची तर कैकाडी ऐकणारा कान लागेल. तो लंडनच्या ग्रंथालयात मिळत नाही, फलटणच्या आसपासच मिळेल.

०

सातारा आणि सांगली असं मी जोडीनं म्हणतो त्यालाही आधार आहे. हा मुळात एकच मुलूख. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळालं. जतकडे गेलात की कानावर कानडी पडते, मिरजेत दखनी उर्दू. या मुलखात भाषांतर हा विद्यापीठाचा विषय होण्याच्या कितीतरी आधी रोजचा व्यवहार होता.

मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून आपण ५ नोव्हेंबर साजरा करतो, तोही अशाच व्यवहारातून आला. कर्नाटकातल्या भागवत मंडळींनी सांगलीत खेळ केले, ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी तसं काही मराठीत करायला विष्णुदास भाव्यांना सांगितलं, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. कानडी रूप मराठी देहात आलं. इथं मूळ संहिता मिळणार नाही, ओळीला ओळ लावता येणार नाही. मग हा भाषांतराचा विषय नाही काय? माझ्या मते हा आहेच, आणि फार मोठा आहे.

सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल तिथले. त्यांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, डेस्डिमोनाची कमळजा झाली. ‘संशयकल्लोळ’ची वंशावळ तर प्रबंधाला आयती आहे. मोलिएरचं १६६०चं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं १७६१चं इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, आणि मग त्यात पदं घालून संगीत ‘संशयकल्लोळ’. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती : पात्रांची नावं महिन्या-नक्षत्रांवरून. पॅरिसमधला संशयी नवरा लंडनमार्गे येऊन पंचांगात बसला आणि इतका मुरला की प्रेक्षकाला तो पाहुणा वाटेनासा झाला. मूळाशी निष्ठा नावाची मोजपट्टी घेऊन इथं काय मोजणार?

आणि त्याच काळात कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. ‘कोल्हापूर प्रकरण’ या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली एकशे एक दिवस डोंगरीचा तुरुंग भोगला, आणि १८८३ साली त्यांचं ‘हॅम्लेट’ प्रसिद्ध झालं : ‘विकारविलसित’. हॅम्लेटचा चंद्रसेन केला खरा, पण वाक्यांच्या बाबतीत ते शेक्सपिअरला धरून राहिले आणि पुस्तकाला दीर्घ प्रस्तावना जोडली. एकाच नदीच्या काठावरचे हे दोन शेजारी, एका वर्षाच्या अंतरानं जन्मलेले, देवल १८५५चे, आगरकर १८५६चे. एकानं परकं नाटक घरचं केलं, दुसऱ्यानं वाचकाला परक्या विचारापर्यंत नेलं. व्हेनुटींची जोडी समजून घ्यायला मला या दोघांइतकी स्वच्छ उदाहरणं दुसरीकडे मिळालेली नाहीत.

आपल्या भाषेत या वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे शब्दही आहेत. तर्जुमा कचेरीतला, भाषांतर शाळेतलं, रूपांतर रंगभूमीचं, आणि अनुवाद म्हणजे मागून बोलणं, कुणाच्या तरी पाठोपाठ म्हणणं. एवढी विचारसामग्री घरात असताना आपण ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ यांचं ‘स्रोत भाषा’ आणि ‘लक्ष्य भाषा’ करून मोकळे होतो. वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश उभा केला, त्यात परिभाषासंग्रहाचा एक स्वतंत्र खंड आहे. एकेका शब्दासाठी तिथं घासाघीस झाली. भारताच्या राज्यघटनेच्या संस्कृत भाषांतरातही तर्कतीर्थ होते. अशा जिल्ह्यात भाषांतराच्या सिद्धान्ताला स्वतःचे मराठी शब्द नसावेत, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. गणेश देवी यांनी शिवाजी विद्यापीठातूनच पीएच.डी. केली. पुढे त्यांनी मांडलं की पश्चिमेत अनुवादाला मूळापासून झालेल्या पतनाची, दुय्यमपणाची छाया आहे. अनेक भाषांत वावरणाऱ्या भारतीय मनाला ती लागू पडत नाही. त्या निबंधाचा उल्लेख आपल्या प्रबंधांत असतो. पण तो उल्लेखच राहतो, त्याच्या आधारानं पुढचं काम उभं राहत नाही.

०

माणदेशाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथं लक्षात आली.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. राम देशमुख यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९५८ साली आला, नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. वाडीचं नाव गेलं, आणि तिच्याबद्दलचं एक निरीक्षण शीर्षक झालं. आटपाडीकडच्या उघड्या माळावरची धनगरवाडी पाहिलेल्या माणसाला ते नाव पटतंही.

मी प्रबंधात माणदेशी शब्दांवर बरंच लिहिलं होतं. वाकळ, माळवं, कोरड्यास, औंदा. वाकळीला इंग्रजीत ‘क्विल्ट’ म्हटलं की गरिबी निघून जाते, असं ठामपणे नोंदवलं होतं. पदवी मिळाल्यावर दोन वर्षांनी आटपाडीजवळ एका ओळखीच्यांच्या घरी गेलो असताना आजी वाकळ शिवत बसल्या होत्या. त्यांनी एकेक थर उलटून दाखवला : हे सासूचं लुगडं, हे थोरल्याचं धोतर, हा गेलेल्या लेकीचा परकर. वाकळ म्हणजे त्यांच्या घरातली माणसं होती, गरिबीची गोष्ट त्यांनी काढलीच नाही. गरिबी मी सांगलीत बसून वाचली होती. प्रबंधातलं ते दीड पान चुकीचं आहे, आणि ते शोधगंगेवर आहे. आटपाडीला जायला त्या वेळी मला एसटीचे दोन-अडीच तास लागले असते.

याच पट्ट्यात कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीचा बिरोबा आहे आणि तिकडे फलटणच्या बाजूला धुळोबा. धनगरांच्या ओव्यांमधून या देवांच्या कथा रात्र-रात्र चालतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी त्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. १९९२ साली ते वारले. पुढे ॲन फेल्डहाऊस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्याबरोबर बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा उतरवून इंग्रजीत आणल्या. पुस्तक २०१४ साली निघालं. हे काम कसं झालं असेल याचा विचार करा. आधी ऐकणं, मग धनगरी उच्चार कागदावर उतरवणं, मग न कळलेल्या शब्दासाठी पुन्हा माणसांकडे जाणं, आणि त्यानंतर कुठं भाषांतर. आतकर आणि झगडे यांच्याशिवाय ते होणं शक्य नव्हतं, आणि त्यांची नावं पुस्तकावर आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अशा कामाला आपण पीएच.डी. द्यायला हवी. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या विद्यापीठात कादंबरीकार झेबाल्ड यांनी १९८९ साली साहित्यिक अनुवादाचं केंद्र सुरू केलं. तिकडे संशोधकानं स्वतः केलेला अनुवाद आणि त्याला जोडलेलं चिकित्सक विवेचन मिळून प्रबंध होऊ शकतो. आपल्याकडे अनुवाद करणाऱ्याला ‘छंद’ म्हणून कौतुक मिळतं आणि अनुवादातल्या उणिवा मोजणाऱ्याला पदवी. हे उलटं आहे. एखाद्या मुलीनं आरेवाडीच्या यात्रेत ओव्या ऐकून त्या लिहून काढल्या, टिपांसह इंग्रजीत किंवा कानडीत नेल्या आणि प्रत्येक निवडीचं कारण दिलं, तर ते माझ्या प्रबंधापेक्षा मोठं संशोधन ठरेल. सिनॉप्सिसच्या बैठकीत मला जे उत्तर देता आलं नाही ते हे आहे.

आज कुणी माझ्याकडे विषय मागायला आलं तर मी सांगतो : जतच्या बाजाराला जा आणि एकाच व्यवहारात कानडी-मराठी कशी बदलत जाते ते वर्षभर लिहून घ्या. किंवा अण्णाभाऊ साठे यांचं लेखन वाटेगावातून रशियनपर्यंत कोणाच्या हातांनी, कोणत्या वाटेनं गेलं ते शोधा. मॉस्कोत त्यांचा पुतळा २०२२ साली उभा राहिला तो परदेशी साहित्याच्या ग्रंथालयातच. किंवा सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांना का. श्री. श्री. यांच्या अनुवादांनी तमिळमध्ये जो वाचक मिळवून दिला त्याचा माग काढा. त्यासाठी तमिळ शिकायला दोन वर्षं गेली तरी जाऊ द्या. भाषा न शिकता भाषांतरावर प्रबंध लिहिण्यापेक्षा ते बरं.

०

या सगळ्याला एक गोष्ट मात्र लागते, आणि ती रोज कमी होते आहे : कागद. अनुवादकांचे खर्डे, मूळ लेखकाशी झालेला पत्रव्यवहार, प्रकाशकाचे नकार, समासात लिहून खोडलेले पर्यायी शब्द. छापील पुस्तकात फक्त शेवटचा निर्णय दिसतो, त्याच्या आधीचे सगळे विचार या कागदांवर असतात. जपलेलं एका पुरात जातं, हे या मुलखाला ठाऊक आहे. हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. २०१९च्या पुरात सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि १८६९पासून सांभाळलेल्या संग्रहातली पुस्तकं भिजून गेली. पुराचं पाणी आपल्या हातात नाही. घरातलं कपाट आहे.

तेव्हा सातारा-सांगलीच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात आजोबांनी, आत्यानं, एखाद्या निवृत्त मास्तरांनी कधी काही भाषांतर केलं असेल, छापलेलं असो की न छापलेलं, कानडीतून, इंग्रजीतून, उर्दूतून, बंगालीतून, तर त्या वह्या आणि पत्रं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. फोनवर त्यांचे फोटो काढून ठेवा, वरच्या पानावर नाव आणि साल लिहा, आणि जवळच्या कॉलेजच्या मराठी किंवा इंग्रजी विभागात जाऊन सांगा की हे आमच्याकडे आहे.